जळालेली फिल्म आणि अर्धा इग्लू

दोस्तांनो, आज आईबाबांना, नाहीतर सरळ आजीआजोबांनाच एक प्रश्न विचारा. त्यांच्या लहानपणी थिएटरात मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी काय दाखवायचे? ते हसतील आणि म्हणतील, "फिल्म्स डिव्हिजन!" कुठल्यातरी धरणाचं उद्घाटन, कुठला तरी पूर, एखाद्या नृत्याची माहिती, आणि मागून एक भारदस्त आवाज. अर्धं थिएटर तेव्हा जागा शोधत असायचं आणि उरलेलं अर्धं वेफर्सची पाकिटं फोडत असायचं. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू!

त्या छोट्या सिनेमांना माहितीपट म्हणतात, कुणी अनुबोधपटही म्हणतात. त्यात रचलेली गोष्ट नसते, नटनट्या नसतात. खऱ्या माणसांचं खरं जगणं असतं. निदान आपण तसं समजतो. हा 'निदान' मी मुद्दाम घातलाय बरं का. तो का, हे पुढे कळेलच.

आज ज्याची गोष्ट सांगणार आहे त्या माणसाला पुष्कळ लोक माहितीपटाचा जनक म्हणतात. त्याचं नाव रॉबर्ट फ्लाहर्टी. पण त्याला लहानपणापासून सिनेमाचं वेड होतं वगैरे समजू नका हं. तो निघाला होता लोखंड शोधायला!

फ्लाहर्टीचा जन्म १८८४ सालचा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. गावाचं नावच आयर्न माउंटन, म्हणजे लोखंडी डोंगर. वडील खाणीचे इंजिनियर. नव्या खाणींच्या शोधात ते कॅनडाच्या रानावनात जायचे आणि मुलालाही बरोबर न्यायचे. त्यामुळे तंबूत राहायचं कसं, होडी वल्हवायची कशी, बर्फातून वाट काढायची कशी हे सगळं रॉबर्ट पोरवयातच शिकला. शाळेत मात्र त्याचा जीव रमला नाही. खाणकामाच्या कॉलेजात घातलं, तर काही महिन्यांत त्याला तिथून काढूनच टाकलं. (पालकांनी घाबरू नये. हे उदाहरण म्हणून सांगत नाहीये.) पण त्याच कॉलेजच्या गावात त्याला फ्रान्सिस हबर्ड भेटली. पुढे १९१४ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमात तिचा हात होता.

आता भूगोलाची वही बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. कॅनडाच्या वरच्या अंगाला समुद्र जमिनीत खोलवर घुसलेला दिसेल. तो हडसनचा उपसागर. १९१० साली सर विल्यम मॅकेंझी नावाच्या एका बड्या रेल्वेवाल्याने फ्लाहर्टीला तिथे पाठवलं, लोखंडाचं खनिज मिळतं का बघायला. वर्षातले कितीतरी महिने तिथला समुद्र गोठलेला असतो. झाडं जवळजवळ नाहीतच. आणि तिथे राहतात इनुइट लोक. आपल्या पुस्तकांत त्यांना 'एस्किमो' म्हटलेलं असायचं, पण ते नाव बाहेरच्यांनी दिलेलं. ते स्वतःला इनुइट म्हणतात. इनुइट म्हणजे 'माणसं'. साधंसरळ नाव आहे, नाही का?

या लोकांशिवाय फ्लाहर्टीचं पानही हललं नसतं. एक किस्सा सांगतो. वेटाल्टॉक नावाच्या एका इनुइट माणसाने त्याला सांगितलं, की समुद्रात पलीकडे मोठमोठी बेटं आहेत. इंग्रजांच्या आरमाराच्या नकाशावर तिथे नुसते चार ठिपके होते. वेटाल्टॉकने कागद घेतला आणि बेटांचा नकाशा काढून दिला. पुढे फ्लाहर्टी खरोखरच तिथे पोचला, तेव्हा तो नकाशा बरोबर निघाला! आज त्या बेटांना बेल्चर बेटं म्हणतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाला नाव कुणाचं दिलंय? फ्लाहर्टीचं. मला विचाराल तर नकाशा काढणाऱ्याचं द्यायला हवं होतं. पण नकाशे छापणाऱ्यांनी मला विचारलं नाही.

१९१३ साली पुढच्या मोहिमेला निघताना मॅकेंझीने सुचवलं, "अरे, ते हलत्या चित्रांचं यंत्र निघालंय ना, ते घेऊन जा की बरोबर!" फ्लाहर्टीने कॅमेरा विकत घेतला आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात जाऊन तीन आठवड्यांचं शिक्षण घेतलं. बस्स, तीन आठवडे. त्याचं सिनेमाचं शिक्षण एवढंच.

तेव्हाचा कॅमेरा हाताने चालवायचा असे. बाजूला एक दांडा. तो सेकंदाला साधारण दोनदा फिरवायचा, की आतली फिल्म पुढे सरके आणि सोळा चित्रं उमटत. हात थरथरला, मंदावला, की पडद्यावरची माणसं पळायला तरी लागायची नाहीतर रांगायला तरी. आता असा दांडा कडाक्याच्या थंडीत, जाडजूड हातमोजे घालून फिरवायचा. करून बघा कल्पना!

दोन हिवाळ्यांत फ्लाहर्टीने भरपूर चित्रण केलं. १९१६ साली तो टोरांटो शहरात बसून ते तुकडे जोडत होता. हातात सिगारेट होती. आणि ती खाली पडली.

तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. तोफांच्या दारूत एक स्फोटक कापूस वापरतात, त्याचीच ती सख्खी बहीण. एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. बघता बघता तीस हजार फूट फिल्म खाक झाली. म्हणजे किती? साधारण नऊ किलोमीटर लांबीची! एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे चार लाख ऐंशी हजार चित्रं. विझवायला गेलेला फ्लाहर्टीही भाजला आणि त्याला दवाखान्यात पडून राहावं लागलं.

आता खरी गंमत पुढे आहे. मूळ निगेटिव्ह जळाली, पण तिच्यावरून काढलेली एक प्रत वाचली होती. तिच्यावरून चांगल्या नव्या प्रती काही निघत नव्हत्या, पण पडद्यावर दाखवता येत होती. फ्लाहर्टीने ती लोकांना दाखवली. लोक सभ्यपणे म्हणाले, "वा, छान!" आणि त्याच्या लक्षात आलं, की कुणालाच मजा आलेली नाही. त्याला स्वतःलाही नाही! सिनेमा म्हणजे नुसती जंत्री होती. हे कुत्रे, ही होडी, हा बर्फ, ही माणसं. सहलीहून आल्यावर कुणी दोनशे फोटो दाखवायला बसलं की आपलं जसं होतं ना, अगदी तसं. त्याने आणि फ्रान्सिसने बराच विचार केला. एकच माणूस घ्यायचा. एकच कुटुंब. त्यांचं एक वर्ष. भूक लागते तेव्हा ते काय करतात, वादळ येतं तेव्हा काय करतात, हे बघताना प्रेक्षकाला वाटलं पाहिजे, की अरे, ही तर आपल्यासारखीच माणसं!

म्हणजे सगळं पुन्हा. पहिल्या फुटापासून.

चार वर्षं तो पैशासाठी वणवण फिरला. जगात महायुद्ध चालू होतं. बर्फातल्या माणसांच्या सिनेमाला पैसे कोण देणार? शेवटी १९२० साली रेव्हियाँ नावाच्या एका फ्रेंच कंपनीने दिले. ही कंपनी जनावरांच्या कातड्यांचा व्यापार करायची. हडसनच्या उपसागरावर पोर्ट हॅरिसन इथे तिचं ठाणं होतं. आज त्या गावाला तिथल्या लोकांचं नाव आहे, इनुकजुआक.

या वेळी फ्लाहर्टी शहाणा झाला होता. त्याने दोन खास कॅमेरे नेले, कार्ल एकली या माणसाने बनवलेले. हा एकली संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी तयार करायचा आणि जंगलातली जनावरं टिपायला त्याने स्वतःचा कॅमेरा काढला होता. त्या कॅमेऱ्यात तेलाऐवजी ग्राफाइटची पूड चाले. ग्राफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीतलं शिसं! तेल थंडीत घट्ट होतं, ग्राफाइट होत नाही. शिवाय ७५ हजार फूट फिल्म, विजेचं छोटं यंत्र, फिल्म धुण्याचं आणि छापण्याचं सामान, आणि एक प्रोजेक्टर. म्हणजे सिनेमाचा आख्खा कारखानाच!

एवढं सगळं कशाला? शहरात आणून धुतली असती की फिल्म. पण फ्लाहर्टीचं म्हणणं असं, की ज्यांचा सिनेमा काढतोय त्यांना तो तिथल्या तिथे दिसला पाहिजे. मला हा माणूस आवडतो तो याच्यासाठी. त्याने सगळ्यात आधी वॉलरसच्या शिकारीचं चित्रण केलं. वॉलरस म्हणजे लांब सुळ्यांचा, बैलाहून जड असा समुद्री प्राणी. फ्लाहर्टीने आधीच बजावून ठेवलं होतं, की सिनेमासाठी गरज पडली तर शिकार सोडून द्यावी लागेल. चालेल का? शिकाऱ्यांचा म्होरक्या म्हणाला, चालेल, आधी अ‍ॅगी. 'अ‍ॅगी' हा त्यांचा सिनेमासाठीचा शब्द. प्रत्यक्ष शिकारीत भाला लागलेला तो अगडबंब प्राणी शिकाऱ्यांनाच समुद्रात ओढायला लागला. ते ओरडायला लागले, बंदूक चालव, बंदूक! आणि फ्लाहर्टी? त्याला जणू कळलंच नाही असं दाखवून तो दांडा फिरवत राहिला. हे मला आवडतं असं मात्र म्हणवत नाही.

मग ठाण्यातल्या खोलीत खेळ झाला. बायका-पोरांसकट सगळे दाटीवाटीने बसले. फोटो त्यांना माहीत होते, पण हलतं चित्र कधी पाहिलेलं नव्हतं. आधी सगळे मागे वळून प्रकाश कुठून येतोय तेच बघत होते! पण पडद्यावर वॉलरस दिसला आणि एकच गिल्ला झाला. "धर, धर! सोडू नको!" काही जण खुर्च्या-माणसं ओलांडून मदतीला धावले. त्या रात्रीनंतर फ्लाहर्टीला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या प्रसंगाच्या कल्पना तेच घेऊन यायला लागले.

आणि नुसत्या कल्पना नव्हे. फिल्म धुवायला पाणी लागतं, भरपूर. चोहीकडे बर्फ, पण पाणी कुठाय? इनुइट मदतनिसांनी सहा फूट जाड बर्फात भोक पाडलं, ते गोठू नये म्हणून सारखं फोडत राहिले, पिंपं भरून घसरगाडीवरून खोलीपर्यंत आणली. अंगावरच्या कातडी कपड्यांचे केस त्या पाण्यात पडायचे, तर बसून एकेक केस वेचून काढला. विजेचा दिवा सारखा मिणमिणायचा, म्हणून फिल्म छापायला सूर्याचा उजेड वापरला. सगळी खिडकी काळी करून फक्त एका चित्राएवढी फट ठेवली, आणि उजेड जास्त झाला की पुढे मलमलचा तुकडा लावायचा. एक कॅमेरा समुद्रात पडला, तर एकाने तो सगळा सुटा केला, पुसला आणि पुन्हा जुळवून दिला. हे लक्षात ठेवा हं. मला पुढे लागणार आहे.

सिनेमाच्या नायकाचं पडद्यावरचं नाव नानूक, म्हणजे पांढरं अस्वल. त्याचं खरं नाव अल्लाकरिआल्लाक. त्या भागातला नावाजलेला शिकारी. हसरा, चपळ, आणि कॅमेऱ्यासमोर असा वागणारा की कॅमेरा नाहीच जणू. सिनेमात त्याची बायको आहे, मुलं आहेत. पण ते त्याचं खरं कुटुंब नव्हे. फ्लाहर्टीने गावातून माणसं निवडून ते कुटुंब बनवलं होतं.

आणि तो इग्लू! बर्फाच्या विटांचं गोल घर. नानूक हस्तिदंताच्या सुरीने विटा कापतो, रचत रचत घुमट बंद करतो, मग स्वच्छ बर्फाचा एक तुकडा बसवून खिडकी करतो आणि बाहेरून बर्फाची वीट अशी लावतो की उजेड आत परतावा. बघताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मग पुढच्या दृश्यात घरातली मंडळी झोपताना, उठताना दिसतात. आता सांगा, एवढ्याशा अंधाऱ्या इग्लूत कॅमेरा मावला कसा आणि दिसलं कसं?

मावलाच नव्हता! फ्लाहर्टीने सांगितलं, मोठा इग्लू बांधा, पंचवीस फूट रुंदीचा. एवढा मोठा कुणी कधी बांधला नव्हता. घुमट कोसळायचा, सगळे पोट धरून हसायचे, पुन्हा बांधायचे. अखेर उभा राहिला, तर आत अंधार. मग चक्क अर्धा इग्लू कापून टाकला! म्हणजे सिनेमात ते उबदार घरात झोपलेत असं आपल्याला वाटतं, तेव्हा ते बिचारे उघड्या बर्फात कपडे काढून कुडकुडत होते.

अजून ऐका. नानूक बर्फातल्या भोकातून सील माशाला (मासा म्हणतो आपण, पण तो आहे सस्तन प्राणी) दोरीने ओढतो. ओढाओढी, आपटाआपटी, हसून पुरेवाट. खरं म्हणजे सील आधीच मेलेला होता आणि दोरीचं दुसरं टोक कॅमेऱ्याबाहेर उभ्या माणसांच्या हातात होतं. रस्सीखेच! शिवाय सिनेमात शिकार भाल्याने होते. पण १९२० साली इनुइट शिकारी बंदुका वापरायला लागले होते, दुकानातले कपडेही घालत होते. फ्लाहर्टीला त्यांच्या आज्यापणज्यांचा काळ दाखवायचा होता, म्हणून बंदुका बाजूला ठेवायला लावल्या.

आता तुम्ही म्हणाल, ही तर शुद्ध फसवणूक! मग याला माहितीपट कसं म्हणायचं?

हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे, त्यामुळे तुमचं-माझं भांडण झालं तरी हरकत नाही. माझं विचाराल तर अर्धा इग्लू मला चालतो. पूर्ण इग्लूत चित्रण करणं तेव्हा शक्यच नव्हतं, आणि विटा कापणारे हात खरे होते, थंडी तर खरीच. जुन्या काळची शिकारही चालेल; म्हाताऱ्या माणसांना विचारून, त्यांच्याच मुलांनी ती करून दाखवली. फक्त ही आताची गोष्ट नाही, आजोबांच्या काळची आहे, असं प्रेक्षकांना स्पष्ट सांगायला हवं होतं. पण एक दृश्य मला कायम खटकतं. ठाण्यावरचा गोरा व्यापारी नानूकला ग्रामोफोन दाखवतो. नानूक चकित होतो, हसतो, आणि तबकडी उचलून चावून बघतो. प्रेक्षक खदखदून हसतात. बघा बघा, किती भोळा! अहो, पण त्याला ग्रामोफोन चांगला ठाऊक होता. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. समुद्रात पडलेला कॅमेरा सुटा करून जुळवणारी माणसं ही! त्यांनी फिल्म धुतली, छापली, वाळवली. सिनेमात त्यातलं काहीच नाही. दिसते ती फक्त चावलेली तबकडी.

'नानूक ऑफ द नॉर्थ' ११ जून १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरात लागला. त्याआधी एका मोठ्या कंपनीने तो नाकारला होता, आणि झालं उलटंच. जगभर तुफान चालला. कितीतरी वर्षांनी फ्लाहर्टीच्या बायकोने बर्लिनच्या बागेत आइस्क्रीम घेतलं, तर त्याचं नाव 'नानुक' आणि कागदावर अल्लाकरिआल्लाकचा हसरा चेहरा! तो स्वतः मात्र तोवर जगात नव्हता. सिनेमा लागल्यानंतर साधारण दोनच वर्षांत तो गेला. शिकारीला गेला असताना उपासमारीने गेला, असं फ्लाहर्टी सांगत असे. नंतरच्या अभ्यासकांचं मत वेगळं आहे. तो घरीच गेला आणि बहुधा क्षयाने. म्हणजे त्याच्या मरणाचीसुद्धा गोष्टच झाली.

फ्लाहर्टीचे पुढचे सिनेमे भराभर सांगतो. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर त्याने 'मोआना' काढला. १९२६ साली जॉन ग्रिअरसन नावाच्या लेखकाने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात त्यावर लिहिताना 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला, आणि अशा सिनेमांना तेच नाव चिकटलं. मग आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवर 'मॅन ऑफ अ‍ॅरन', १९३४ सालचा. त्यात कोळी भाल्याने प्रचंड शार्क मारतात. पण तिथल्या लोकांनी ती शिकार दोन पिढ्यांपूर्वीच सोडली होती, त्यामुळे ती कशी करायची हे आधी त्यांना शिकवावं लागलं! सवय काही सुटली नाही बघा.

आणि मग तो आला आपल्याकडे. हो, खरंच! १९३५ साली, म्हैसूरला. रुडयार्ड किप्लिंगच्या एका गोष्टीवर 'एलिफंट बॉय' काढायचा होता. हत्ती होते महाराजांचे. नायक कोण? महाराजांच्या हत्तीखान्यात एक पोरका मुलगा होता, माहुताचा पोर, साबू नावाचा. वय जेमतेम अकरा. हत्तीवर असा बसायचा, जसे तुम्ही सायकलवर! तोच निवडला गेला. फ्लाहर्टी नेहमीप्रमाणे रमला आणि तासन्‌तास चित्रण करत राहिला. तिकडे लंडनचे निर्माते वैतागले. गोष्ट कुठाय, गोष्ट? त्यांनी सगळ्यांना परत बोलावलं आणि उरलेला भाग झोल्टान कोर्डा या दिग्दर्शकाने लंडनजवळच्या स्टुडिओत उरकला. हत्तींच्या नाचाचं दृश्य तर हत्तींच्या खोट्या पायांनी केलं! १९३७ साली सिनेमा लागला आणि साबू जगप्रसिद्ध झाला. पुढे तो हॉलिवुडला गेला, मोगली झाला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानदलात लढला. म्हैसूरच्या हत्तीखान्यातून निघालेला मुलगा!

'लुइझियाना स्टोरी' हा फ्लाहर्टीचा १९४८ सालचा शेवटचा मोठा सिनेमा. २३ जुलै १९५१ रोजी तो वारला.

इथे खरं तर मी थांबलो असतो. पण इनुकजुआकमध्ये एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. १९२१ साली फ्लाहर्टी ते गाव सोडून गेला. त्याच वर्षी नाताळात तिथे एक मुलगा जन्मला, जोसेफी. आई गावातलीच इनुइट, वडील फ्लाहर्टी. फ्लाहर्टी पुन्हा कधी तिकडे गेला नाही. बापलेकांची भेट झालीच नाही. जोसेफी इनुइट म्हणूनच वाढला, शिकारी झाला, त्याला मुलंबाळं झाली.

१९५३ आणि १९५५ साली कॅनडा सरकारने इनुकजुआकच्या काही कुटुंबांना जवळजवळ दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेऊन सोडलं. तिथे शिकार भरपूर आहे, आणि आवडलं नाही तर दोन वर्षांनी परत या, असं सांगितलं. दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या. दुसऱ्या खेपेला गेलेल्यांत जोसेफीचं कुटुंब होतं. त्यांना ग्रीस फियॉर्ड इथे ठेवलं. इनुकजुआकमध्ये हिवाळ्यात दिवस लहान असतो, पण रोज उगवतो तरी. ग्रीस फियॉर्डला तीन महिन्यांहून जास्त काळ सूर्य दिसतच नाही. घरं नव्हती, ओळखीचे प्राणी नव्हते, परतीची वाट नव्हती. हे त्या सिनेमामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण बर्फात कुठेही सोडलं तरी ही माणसं हसत जगतील, असं दक्षिणेतल्या साहेबांना वाटत होतं, आणि तसं हसणारा एकच इनुइट चेहरा साऱ्या जगाने पाहिलेला होता.

जोसेफीची मुलगी मार्था तेव्हा पाच वर्षांची होती. अंधारात, गोठवणाऱ्या थंडीत तिला बापाबरोबर शिकारीला जावं लागे. मोठेपणी याच मार्था फ्लाहर्टी कॅनडातल्या इनुइट महिलांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. हलवलेल्या कुटुंबांनी चौकशी आयोगापुढे आपली हकीकत सांगितली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कॅनडा सरकारने त्यांची माफी मागितली.

त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळाने एक माहितीपट काढला. त्याचं नाव 'मार्था ऑफ द नॉर्थ'. नानूकचा सिनेमा मूकपट होता. त्यात अल्लाकरिआल्लाक एक शब्दही बोलत नाही, त्याच्याबद्दलची वाक्यं दुसऱ्यांनी लिहून मध्ये मध्ये पाटीवर दाखवलेली आहेत. या सिनेमात फ्लाहर्टीची नात ग्रीस फियॉर्डची सगळी हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते.